लाकडी उंच इमारती: आधी संगणकात, मग करवतीखाली

नॉर्वेतल्या ब्रुमुंडाल गावात, म्योसा तलावाच्या काठावर, 18 मजल्यांची आणि 85.4 मीटर उंचीची एक इमारत उभी आहे. तिचं नाव म्योस्टॉर्नेट. 2019 मध्ये ती पूर्ण झाली तेव्हा जगातली सर्वांत उंच लाकडी इमारत ठरली. तिच्या वरच्या सात मजल्यांना मात्र मुद्दाम काँक्रीटचे स्लॅब घातले आहेत. लाकडाची ताकद कमी पडली असती अशी भीती तिथे नव्हतीच. अडचण होती वजनाची. लाकूड इतकं हलकं, की जोराच्या वाऱ्यात वरचे मजले पटापट झुलले असते आणि आत राहणाऱ्यांना मळमळलं असतं. माथ्यावर वजन ठेवल्यावर ते झुलणं संथ झालं.

लाकडाने उंच बांधायचं म्हणजे काय, हे या एका निर्णयात बरंच दिसतं. पहिला फरक म्हणजे हलकेपणा: एक घनमीटर काँक्रीट साधारण 2400 किलोचं, तर एक घनमीटर स्प्रूस (सूचिपर्णी झाडाचं) लाकूड साधारण 450 किलोचं. दुसरं असं की वारा, वजन, कंपन या सगळ्याचा हिशेब लाकूड कापण्याआधीच पूर्ण व्हावा लागतो. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. लाकडी इमारतींची चर्चा बहुतेकदा ‘लाकूड पर्यावरणाला चांगलं’ या एका वाक्यावर येऊन थांबते. ते वाक्य अर्धवट आहे. लाकूड किती वापरलं, कुठून आणलं आणि कसं जोडलं यावर ते खरं की खोटं हे ठरतं. या तिन्ही गोष्टी आज संगणकातल्या आराखड्यात ठरतात.

आधी अशा इमारतींत वापरतात ते ‘मास टिंबर’ म्हणजे काय ते पाहू. इथे अख्ख्या ओंडक्याचे खांब अभिप्रेत नाहीत. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी. नळ्यांच्या दिशेने दाब किंवा ताण दिला तर ती जबरदस्त ताकद दाखवते, आडवं दाबलं तर सहज चेपते. वाळतानाही तेच. ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत लांबीत नावालाच आखडतं, पण रुंदीत काही दिशांना आठ टक्क्यांपर्यंत. शिवाय गाठी, चिरा आणि वाकडेपणा आलाच. त्यामुळे एका ओंडक्यावर मोठ्या इमारतीचा भार सोपवणं धोक्याचं. यावरचा उपाय म्हणजे लाकडाच्या फळ्या करायच्या, नीट वाळवायच्या, ताकदीनुसार निवडायच्या, खराब भाग कापून टाकायचे आणि चांगल्या फळ्या चिकटवून हवा तेवढा मोठा घटक तयार करायचा. एका फळीतला दोष मग शेजारच्या फळ्या सांभाळून घेतात.

सगळ्या फळ्यांचे तंतू, म्हणजे त्या बारीक नळ्या, एकाच दिशेत ठेवून चिकटवलं, की होतो ग्लूलॅम. तो तुळया आणि खांबांसाठी. जर्मनीत वायमारच्या ओटो हेट्झर यांनी 1906 मध्ये अशा चिकटवलेल्या वक्र तुळयांचं पेटंट घेतलं, म्हणजे ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी. खरी उलथापालथ 1990च्या दशकात झाली. ऑस्ट्रिया आणि जर्मनीत फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात ठेवून चिकटवायला सुरुवात झाली. त्यालाच क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, थोडक्यात सीएलटी म्हणतात. एका थराची आडवी कमजोरी पुढच्या थराच्या उभ्या ताकदीने भरून निघते, आणि आखडणंही एकमेकांना रोखून धरतं. तयार होते ती साधारण तीन मीटर रुंद आणि सोळा मीटरपर्यंत लांब अशी सपाट, स्थिर पाटी. तीच भिंत होते, तीच स्लॅब होते. ग्राझच्या तंत्र विद्यापीठातले गेरहार्ड शिकहोफर यांनी यामागचं गणित आणि चाचण्या उभ्या केल्या. त्याबद्दल 2019 मध्ये त्यांना मार्कुस वालेनबर्ग पुरस्कार मिळाला.

आता संगणकाकडे येऊ. काँक्रीटच्या कामात बरेच निर्णय साइटवर घेता येतात. पाइपसाठी भोक राहिलं तर नंतर पाडतात, दार चार बोटं सरकलं तर चालवून घेतात. सीएलटीची भिंत कारखान्यातून दार, खिडकी, वायरीची खाच आणि क्रेनच्या हुकाची जागा कापूनच येते. साइटवर एखादं मोठं भोक विसरलेलं लक्षात आलं, तर करवत घेऊन कुठेही कापता येत नाही, कारण ती पाटी भार पेलते आहे. म्हणून वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनियर, प्लंबिंग आणि वीजवाले या सगळ्यांना एकाच त्रिमित मॉडेलवर आधी भांडून घ्यावं लागतं. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे, आणि सर्वांत मोठी अडचणही हीच. निर्णय पुढे ढकलण्याची सवय असलेल्या चमूला लाकडी बांधकाम महाग पडतं.

मॉडेल मंजूर झालं की त्यातून प्रत्येक तुकड्याची वेगळी माहिती निघते: लांबी, कापाचे कोन, भोकांची जागा आणि खोली. लाकूडकामासाठी बीटीएल नावाचा एक फाइल-प्रकार युरोपात रूढ आहे. त्यात तुकड्याच्या आकारासोबत ‘इथे तिरका काप, इथे खाच, इथे अमुक व्यासाचं भोक’ अशा क्रियाही लिहिलेल्या असतात. ती माहिती सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणाऱ्या यंत्राकडे जाते. पाच अक्षांवर फिरणारं यंत्राचं डोकं कुठल्याही कोनातून लाकडाला भिडतं आणि एकदोन मिलिमीटरच्या आत काप घेतं. कुठल्या मोठ्या पाटीतून कोणते तुकडे काढले म्हणजे कमीत कमी लाकूड वाया जाईल, हेही संगणकच जुळवतो. तरी खिडक्यांसाठी कापलेले चौकोन उरतातच, आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न चांगले कारखाने गांभीर्याने घेतात.

एकदोन मिलिमीटरची ही अचूकता ऐकायला छान वाटते, पण ती एका नाजूक जागी अडते. खालचा पाया काँक्रीटचा असतो आणि त्यात सेंटिमीटरभर चूक सहज होते. पाया ओतून झाल्यावर त्याचं लेझरने मोजमाप घेणं आणि गरज पडली तर जोडाच्या पट्ट्यांनी तो फरक खाऊन टाकणं, हे काम म्हणूनच वेगळं ठरवून करावं लागतं. उत्तम लाकडी इमारतींमध्ये या एका सांध्यावर आश्चर्य वाटावं इतका वेळ खर्च झालेला असतो.

हे सगळं जमून आलं की बांधकाम फार वेगाने होतं. लंडनच्या हॅकनी भागातल्या मरे ग्रोव्ह या नऊ मजली इमारतीचा तळमजला काँक्रीटचा आणि वरचे आठ मजले सीएलटीचे. 2009 मध्ये ती पूर्ण झाली. तिचा लाकडी सांगाडा चार सुतारांनी कामाच्या 27 दिवसांत उभा केला. व्हँकुव्हरमधल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं ब्रॉक कॉमन्स हे 18 मजली वसतिगृह 2017 मध्ये उघडलं. त्याचा लाकडी भाग 70 पेक्षा कमी दिवसांत चढला. तिथे आधी अख्खी इमारत, अगदी पाइपांसकट, संगणकात बांधून पाहिली. नंतर दोन मजल्यांचा खऱ्या मापाचा नमुनाही उभारला.

ब्रॉक कॉमन्समधला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथे खांबावर स्लॅब आणि स्लॅबवर पुढचा खांब असं रचलेलं नाही. तसं केलं असतं तर वरच्या सगळ्या मजल्यांचं वजन स्लॅबच्या आडव्या तंतूंवर आलं असतं आणि स्लॅब हळूहळू चेपले असते. म्हणून खांबाचं टोक पोलादी जोडातून थेट वरच्या खांबाच्या टोकाशी भिडवलं आहे. भार नेहमी तंतूंच्या दिशेतच खाली उतरतो. तरीही वजनाने आणि वाळण्याने खांब थोडे आखूड होणार, हे आधी मोजलं होतं. त्याची भरपाई म्हणून काही मजल्यांवर पातळ पोलादी चकत्या घातल्या. मधले जिन्यांचे आणि लिफ्टचे गाभे काँक्रीटचे असल्याने ते तेवढे आखडणार नव्हते. हा फरक मॉडेलमध्ये दिसला नसता तर काही वर्षांनी लिफ्टच्या दारात पायरी तयार झाली असती.

वेग हा एक फायदा झाला. संगणकातल्या रचनेमुळे आकारांचंही स्वातंत्र्य मिळालं. यंत्राला शंभर सारखे तुकडे कापणं आणि शंभर वेगळे तुकडे कापणं यात फारसा फरक नसतो. झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठात 2016 मध्ये रोबोंनी तयार केलेल्या छतात 48,624 छोट्या पट्ट्या आहेत. मोठी झाडं लागणारच नाहीत अशा लहान लाकडातून 168 कैच्या रचल्या आणि त्यातून लाटांसारखं वळणारं मोठं छत तयार झालं. जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांची स्विस शहर बीलमधली स्वॉच कंपनीची इमारत 2019ची. सुमारे 4,600 लाकडी तुळयांची तिची जाळी जवळपास 240 मीटर लांब पसरलेली आहे. जर्मनीत श्वेबिश ग्म्युंड इथे 2014 मध्ये स्टुटगार्ट विद्यापीठाच्या चमूने बीच लाकडाच्या प्लायवुडचा एक मंडप बांधला. त्याचं कवच अवघं 50 मिलिमीटर जाड, तुकडे 243, आणि त्यातला प्रत्येक वेगळा. कडा एकमेकांत बोटं गुंफल्यासारख्या अडकतात. ते दाते हाताने कापायचे म्हटले तर कुणी कामाला हातच लावला नसता.

यातली काही उदाहरणं निव्वळ देखणी आहेत आणि तेवढ्याने लाकूड वाचतं असं नाही. मला जास्त आशा वाटते ती लाकूड वाचवणाऱ्या रचनांची. सीएलटीवर एक रास्त आक्षेप घेतला जातो की ती लाकूड उधळते. साध्या घराच्या भिंतीला फळ्यांचा सांगाडा पुरला असता तिथे आपण जाड भरीव पाटी घालतो. हाइलब्रॉन इथे 2019 मध्ये त्याच स्टुटगार्टच्या चमूने केलेला मंडप या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात 376 पोकळ पेट्या आहेत. वरखाली पातळ प्लेट, कडेला पट्ट्या आणि मध्ये हवा. त्या रोबोंनी जुळवल्या आणि चिकटवल्या. खांबाशिवाय 30 मीटरचं अंतर झाकूनही कवचाचं वजन दर चौरस मीटरला 38 किलो. जिथे ताण नाही तिथे लाकूड ठेवायचं नाही, हे तत्त्व अभियंत्यांना पूर्वीपासून माहीत होतं. पण अशा शेकडो वेगवेगळ्या पोकळ पेट्या माणसांनी बनवायच्या तर मजुरीच लाकडापेक्षा महाग पडली असती.

त्याहून पुढचं पाऊल म्हणजे लाकडाचा स्वभाव बदलण्याऐवजी तो वापरून घ्यायचा. इंग्लंडमध्ये हूक पार्क इथल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी बीच झाडांची दुबेळकी त्रिमित स्कॅन केली. फांदी जिथे फुटते तिथे झाडाने स्वतःच मजबूत सांधा तयार केलेला असतो, पण गिरणीत तो भाग सरपणात जातो. संगणकाने कुठलं दुबेळकं कुठे बसेल हे शोधलं, रोबोने फक्त टोकं तासली, आणि त्यातून कमान उभी राहिली. जर्मनीत उरबाख इथला 14 मीटर उंच मनोरा तर वाळण्यातून वळला आहे. सपाट पाट्यांचे थर असे रचले, की 22 टक्के ओलावा 12 टक्क्यांवर येताना पाटी आपोआप ठरलेल्या वक्रात वाकली. लाकूड वाकवण्यासाठी एरवी लागणारे अवजड साचे तिथे लागलेच नाहीत. सुतार पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाकण्याशी झगडत आले, ते इथे आधी मोजून कामाला लावलं.

आता आग. हा प्रश्न सगळे विचारतात आणि विचारायलाच हवा. जाड लाकूड पेटतं, पण बाहेरून कोळसा होत जातं. तो थर उष्णता अडवतो आणि आतलं लाकूड बराच वेळ थंड, मजबूत राहतं. स्प्रूससारख्या लाकडात ही जळण्याची गती मिनिटाला साधारण 0.65 मिलिमीटर धरतात. म्हणजे तासाभरात सुमारे 4 सेंटिमीटर. खांबाला प्रत्येक बाजूने हवी त्यापेक्षा तेवढी जाडी जास्त दिली तर तासभराच्या आगीनंतरही तो भार पेलतो. उघडं पोलाद मात्र साधारण 550 अंश सेल्सियसच्या आसपास आपली निम्मी ताकद गमावतं.

पण हे अर्धंच चित्र झालं. सीएलटीतला गोंद उष्णतेने मऊ झाला तर जळालेला थर गळून पडतो, ताजं लाकूड उघडं होतं आणि विझत आलेली आग पुन्हा भडकते. चाचण्यांमध्ये हे दिसल्यावर अमेरिकेत 2018 मध्ये गोंदाच्या कसोट्या कडक झाल्या, आणि त्यानंतर 2021च्या आदर्श बांधकाम संहितेत 18 मजल्यांपर्यंतच्या लाकडी इमारतींना जागा मिळाली. त्यासाठी लाकूड जिप्समच्या बोर्डांनी झाकणं आणि स्प्रिंकलर बसवणं बंधनकारक आहे; उंची जितकी जास्त तितकं उघडं लाकूड कमी. इंग्लंडने वेगळा मार्ग घेतला. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या निवासी इमारतीच्या 2017च्या भीषण आगीनंतर, 18 मीटरपेक्षा उंच निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्याला 2018च्या अखेरीस बंदी घातली. ती आग लाकडी सांगाड्याची नव्हती, तरी मरे ग्रोव्हसारखी इमारत तिथे आज तशीच्या तशी बांधता येत नाही.

भूकंपात हलकेपणा कामी येतो, कारण जितकं वजन कमी तितका धक्क्याचा जोर कमी. जपानमध्ये मिकी इथल्या प्रचंड हलत्या मंचावर 2007 मध्ये सात मजली सीएलटी इमारत कोबेच्या 1995च्या भूकंपाइतकी हलवली, आणि ती उभी राहिली. 2023 मध्ये सॅन दिएगोत दहा मजली इमारतीवरही अशाच चाचण्या झाल्या. तिच्या भिंती डोलून पुन्हा आपल्या जागी येतील अशा ताणलेल्या सळ्यांनी बांधल्या होत्या. अशा इमारतींत तुटायचं असेल ते पोलादी जोडाने तुटावं, लाकडाने नाही, अशी रचना करतात. जोड बदलता येतो.

खरा शत्रू पाणी आहे. लाकूड साधारण 12 टक्के ओलाव्यावर इमारतीत बसतं. ओलावा 20 टक्क्यांच्या वर जाऊन तिथेच राहिला की बुरशी कुजवायला लागते. बांधकामाच्या काळातला पाऊस, बाथरूममधली झिरप, गच्चीची गळती या सगळ्यांसाठी आधीच वाट करून द्यावी लागते, आणि चांगल्या इमारतींमध्ये अडचणीच्या जागी ओलावा मोजणारे सेन्सर बसवलेले असतात. जर्मनीतल्या बाड राइशेनहाल इथे 2 जानेवारी 2006 रोजी बर्फावर स्केटिंग करायच्या सभागृहाचं लाकडी छत कोसळलं आणि 15 जणांचा जीव गेला. दमट हवेत न टिकणारा यूरिया प्रकारचा गोंद, आकडेमोडीतल्या चुका आणि नीट न झालेली देखभाल, अशी अनेक कारणं एकत्र आली होती. संगणकात बिनचूक असलेली इमारत वीस वर्षांनी कुणी तपासली नाही तर ती सुरक्षित राहील असं मानू नये.

राहिला कार्बनचा हिशेब. सिमेंट उद्योगातून माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7 ते 8 टक्के येतो, त्यामुळे काँक्रीट कमी करण्याचं कारण भक्कम आहे. वाळलेल्या लाकडाचं साधारण निम्मं वजन कार्बनचं असतं. एक घनमीटर स्प्रूस म्हणजे हवेतून काढलेला जवळजवळ 700 ते 800 किलो कार्बन डायऑक्साइड. पण तो आकडा इमारतीच्या खात्यात थेट जमा दाखवणं प्रामाणिक नाही. ओंडक्याचा जवळपास निम्मा भाग फळी होता होता भुसा आणि तुकड्यांत जातो आणि त्यातला बराच लवकर जळतो. तोडलेल्या जागी पुन्हा झाडं वाढायला दशकं लागतात. आणि इमारत पाडल्यावर लाकूड जाळलं तर साठवलेला कार्बन परत हवेत. युरोपीय मानकांत म्हणूनच लाकडासोबत आत आलेला कार्बन शेवटी बाहेर जाताना पुन्हा मोजतात. संपूर्ण आयुष्याची बेरीज शून्य येते. फायदा उरतो तो दोन गोष्टींत: काँक्रीट आणि पोलाद कमी लागलं, आणि कार्बन काही दशकं अडवून धरला. ही दशकं जितकी वाढतील तितका फायदा वाढतो.

म्हणून जोड कसा केला याला इतकं महत्त्व आहे. गोंदाने आणि हजारो लांब स्क्रूंनी बांधलेली भिंत सुटी करणं जवळपास अशक्य. बोल्ट, खुंट्या, सरकवून अडकवायच्या खाचा असतील तर तीच तुळई पुढच्या इमारतीत जाऊ शकते. झ्युरिकमधल्या टामेडिया इमारतीत, 2013 साली, शिगेरू बान आणि अभियंता हेर्मान ब्लूमर यांनी मुख्य सांगाड्याचे सांधे लाकडानेच जोडले. पोलादी पट्ट्यांऐवजी तिथे बीच लाकडाच्या कठीण खुंट्या आहेत.

पण सुटी काढलेली तुळई दुसऱ्या इंजिनियरने स्वीकारायची तर तिला तिची माहिती सोबत लागते: फळ्यांची प्रत कोणती, गोंद कुठला, आत पोलाद कुठे दडलंय, भोकं कुठे पाडली, कधी भिजली होती का. हे सगळं मूळ मॉडेलमध्ये असतं. अडचण एवढीच की इमारत साठ किंवा शंभर वर्षं टिकते आणि सॉफ्टवेअरच्या फाइली दहा-पंधरा वर्षांत उघडेनाशा होतात. ती माहिती खुल्या स्वरूपात, मालकाकडे आणि शक्य असेल तर इमारतीतच ठेवावी, तुकड्यांवर कायमची खूण कोरावी, आणि दुरुस्ती झाली की मॉडेलही दुरुस्त करावं, एवढं बांधकामाच्या करारातच लिहून घ्यायला हवं.